माझ्या भावाचं वजन

माझा धाकटा भाऊ गोपाळ पेणच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. माणसाला दोन वृक्कं म्हणजे किडन्या असतात आणि त्यांतलं एक काढून घेतलं तरी तो ठणठणीत जगू शकतो, हे त्याने आजवर वीस-बावीस तुकड्यांना शिकवलं असेल. फळ्यावर तो वृक्काची आकृती फार सुबक काढतो, लाल-निळ्या खडूने रक्तवाहिन्या वगैरे दाखवून. त्या आकृतीवर पोरांना मार्क मिळतात. मला तिचा काही उपयोग झाला नाही.

मी वृंदा, त्याची थोरली बहीण. रोह्याला असते. मीही शाळेतच होते, मराठी शिकवायचे. पन्नाशी ओलांडली आणि माझ्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून एक दिवसाआड रोह्यातल्या दवाखान्यात डायलिसिसला पडून राहायची नोकरी लागली. नवरा आधीच गेलेला. मुलीचा रक्तगट जुळत नाही. गोपाळचा जुळला. नवी मुंबईच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं त्याच क्षणी गोपाळने तिथल्या तिथे, व्हरांड्यात, छातीवर हात ठेवून जाहीर केलं, "ताई, माझी किडनी तुझी." शेजारच्या बाकावरच्या दोन अनोळखी बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला सांगू.

आम्ही परत यायच्या आत ही बातमी फोनवरून पेणभर झाली होती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेत टाळ्या झाल्या. एका स्थानिक साप्ताहिकात फोटो आला, वर मथळा, 'बहिणीला जीवदान देणारा शिक्षक'. जीवदान अजून त्याच्या कमरेतच होतं. गोपाळने ते कात्रण लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावलं, दरवाजातून आत येणाऱ्याला आधी तेच दिसेल अशा बेताने.

डॉक्टरांनी एक अट घातली होती. गोपाळचं वजन तेव्हा एकशे दहाच्या वर होतं आणि रक्तदाबही चढा. वजन नव्वदच्या आत आणा, दाब ताब्यात येऊ द्या, मग पुढच्या तपासण्या करू, असं ते म्हणाले. गोपाळ हसून म्हणाला, "एवढंच ना?"

आता आमच्या घराण्याबद्दल सांगायला हवं. एके काळी जमिनी होत्या. त्या गेल्यावर आमच्या माणसांकडे खाण्याखेरीज दुसरं कर्तृत्व उरलं नाही. वालाचं बिरडं कुणाच्या हातचं चांगलं, सोडे कुठल्या बाजारातून आणावेत, यावर आमच्याकडे भाऊ भावाशी बोलणं टाकतो. गोपाळ या घराण्याचा कुलदीपक. तो जेवताना बोलत नाही आणि जेवण झालं की त्याच जेवणाबद्दल बोलतो. बाकी स्वभावाने गरीब आहे, कुणाच्या वाटेला जात नाही. पण कुणी शाबास म्हटलं की त्याला चढते. स्तुती करणारा माणूस त्याला विळीसुद्धा गिळायला लावील.

शाबास म्हणणारे त्याला भेटले. पेणमध्ये 'फिट पेण परिवार' नावाचं एक मंडळ आहे. पहाटे मैदानावर जमायचं, चालायचं, एकमेकांना धीर द्यायचा आणि वजन उतरवायचं, असा त्यांचा उद्देश. याचा म्होरक्या अमोल. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर सेफ्टी सुपरवायझर आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट तो शिट्टी वाजवून सुरू करतो. त्याने गोपाळला डोक्यावर घेतलं. 'मिशन गोपाळदादा' असं नाव दिलं, पोपटी रंगाचे टी-शर्ट शिवून घेतले, पाठीवर छापलं, 'भावाचं वजन, बहिणीचं जीवन'. तो टी-शर्ट मलाही पाठवला होता. मी त्याने गॅसचा ओटा पुसते.

या मंडळाचा धीर मी जवळून पाहिला, कारण गोपाळने मला त्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये घातलं होतं. रोज सकाळी फोटो. गोपाळ चालताना, गोपाळ वाकताना, गोपाळ घाम पुसताना. खाली पन्नास जणांचे अंगठे आणि हात जोडलेले. "दादा, कमाल." "दादा, तुमच्याकडून प्रेरणा मिळते." चालणं संपलं की सगळे जण मैदानाबाहेरच्या गाडीवर वडे खायचे. तो फोटो ग्रुपवर येत नसे. तो मला गोपाळच्या बायकोने पाठवला. खाली तिने काहीच लिहिलं नव्हतं.

कुणी अर्धा किलो उतरला की सत्कार. नारळ, गुलाबाचं फूल, आणि उतरल्याच्या आनंदात पेढे. कुणी अर्धा किलो चढला की समजूत, आणि समजूत घालायला चहाबरोबर काहीतरी. म्हणजे काटा कुठेही गेला तरी तोंड चालूच. वजन उतरवण्यासाठी जमलेली इतकी खाणारी माणसं मी लग्नाच्या पंगतीतही पाहिलेली नाहीत.

दवाखान्यात माझ्या बाजूच्या खाटेवर ठमाबाई असायची, खाडीकडच्या गावातली. उभं आयुष्य मिठागरात काढलेलं आणि आता तिला मीठच बंद. मशीन लागलं की ती मान वळवून विचारायची, "उतरला का गो तुजा भाव?" मी म्हणायची, "नाय अजून." "मंग कवा?" "चालतोय तो." "चालूं दे, चालूं दे. माजा नातू बी चालाया लागला, त्यो धावत बी सुटला." मग आम्ही दोघी हसायचो. चार तासांत तेवढंच हसू असे. पाणीही मोजूनच प्यायचं, म्हणून पेला आम्ही एकमेकींना दाखवून प्यायचो, कुणी जास्त घोट घेतला तर दुसरी डोळे वटारायची. आम्हाला टी-शर्ट कुणी दिले नाहीत.

वर्ष सरत आलं. गोपाळचं वजन दोन किलो उतरायचं, तीन चढायचं. माझ्या हाताच्या शिरा सुयांनी दगडासारख्या झाल्या. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "भाऊ तयार झाले का?" मी म्हणायची, "प्रयत्न चाललेत." हे वाक्य उच्चारताना मला गोपाळची इतकी चीड यायची की रक्तदाब वाढायचा आणि नर्स मला ओरडायची.

मग थंडी आली आणि शेतात वालाच्या शेंगा भरल्या. आमच्या भागात थंडीत पोपटी करतात. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ, वर परत पाला. मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. आतल्या वाफेवर शिजतं. झालं. फिट पेण परिवाराला यात साक्षात्कार झाला. तेल नाही म्हणजे पोपटी हे डाएटच. अमोलने ग्रुपवर लिहिलं, 'आपल्या पूर्वजांचं झिरो ऑईल फूड'. तेव्हापासून दर शनिवारी पोपटी सुरू झाली. एक मडकं चौघांना पुरतं, हा नेम मोडायचा म्हणूनच लक्षात ठेवायचा असतो बहुतेक, कारण यांच्याकडे माणशी एक मडकं लागत होतं. बिचाऱ्या कोंबडीला तेल लागलं नव्हतं एवढंच तिचं समाधान.

जानेवारीतल्या एका शनिवारी मलाही बोलावलं. 'मिशन'ला वर्ष पूर्ण झालं होतं, आणि जिच्यासाठी मिशन ती हजर हवी. जिते गावाकडे जनू म्हणून मंडळाच्याच एका माणसाचं शेत आहे, तिथे. गोपाळ मला गाडीने घेऊन गेला. मला खुर्ची दिली, अंगावर शाल टाकली. मला शेंगा चालत नाहीत, बटाटा चालत नाही. मी माझ्या डब्यातली पोळी आणि दुधीची भाजी मांडीवर घेऊन बसले आणि समोर वीस-पंचवीस पोपटी रंगाची पोटं जाळाभोवती हलताना बघत राहिले.

जेवणाआधी वजन करायची त्यांची पद्धत. अमोलने काटा आणला होता. शेतातली जमीन उंचसखल म्हणून जनूने खाली फळी टाकली. शिट्टी वाजली. गोपाळ चढला. अमोल वाकला, बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "दादा, एकशे बारा. पण टेन्शन नाय घ्यायचं. हा मसल हाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वजन वाढल्याबद्दल टाळ्या. जनू तेवढा म्हणाला, "मिशन चालू झालं तवा एकशे दहा व्हतं ना?" त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मी मात्र गोपाळच्या तोंडाकडे बघत होते. लाज वाटेल, निदान माझ्याकडे बघायचं टाळेल, असं मला वाटलं होतं. पण काट्यावरचा आकडा ऐकला तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला. परीक्षा पुढे ढकलली असं कळल्यावर पोरांची तोंडं होतात तशी. मी तीस वर्षं पोरं पाहिली आहेत, ते तोंड ओळखायला मी चुकायची नाही. या माणसाला वजन उतरायला नको होतं. जोवर तो जाडा होता तोवर तो बहिणीसाठी झटणारा भाऊही होता आणि सुरीपासून लांबही होता. त्याला असं दोन्हीकडून सुरक्षित करून ठेवण्यासाठी पन्नास माणसं रोज सकाळी अंगठे दाखवत होती. मला किळस आली. तो मडक्यासमोर जाऊन बसला आणि शेंगा सोलून खाऊ लागला.

 त्याच्या घरी पोचल्यावर, त्याची बायको आत गेली असताना, त्या कात्रणाखाली उभी राहून मी म्हटलं, "गोपाळ, मृत्यूनंतर दान केलेले अवयव ज्यांना हवेत त्यांच्या यादीत मी नाव नोंदवतेय. तुझी किडनी मला नको."

"असं कसं ताई?"

"असंच."

"अगं पण मी प्रयत्न करतोय ना."

"आता करू नकोस."

तो आणखी एकदा "असं कसं" म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला नाही. त्या रात्री मी तिथेच झोपले. भिंतीपलीकडे तो घोरत होता, शांत, निवांत. मी पहाटेपर्यंत जागी होते आणि माझ्या सख्ख्या भावाचा मी इतका तिरस्कार कधी केला नव्हता.

यादीत नाव नोंदवलं. यादी लांब असते. ठमाबाई फाल्गुनात गेली. तिच्या खाटेवर एक अबोल माणूस आला, तो फोनवर क्रिकेट बघायचा.

आणि इकडे गोपाळ उतरू लागला.

आधी माझा विश्वास बसला नाही. मग त्याची बायको म्हणाली, "अहो ताई, हे रात्री उठून खायचे ते बंद झालंय." तो रात्री उठून खायचा हेच मला तोवर माहीत नव्हतं. किडनीचं ठरल्यापासून तो रात्री दोन-दोनदा उठून फ्रिजसमोर बसायचा म्हणे. आता गाढ झोपत होता. पहाटे चालायला जात होता आणि वड्याच्या गाडीकडे न वळता सरळ घरी येत होता. मंडळी हाका मारायची, तो हात करून पुढे जायचा. उन्हाळ्यात शंभरच्या खाली आला. गणपतीत पानात मोदक वाढलेले असताना एकावर थांबला, हे मी स्वतः पाहिलं. दसऱ्याला काटा अठ्ठ्याऐंशीवर होता. डॉक्टरांनी माझ्यासाठी मागितलेलं वजन त्याने मला काहीही द्यायचं नाही असं ठरल्यावर उतरवून दाखवलं. शर्टात तो पूर्वीसारखा तरणा दिसायला लागला आणि माझ्या जिवाचा संताप झाला.

फिट पेण परिवाराने अर्थातच सत्कार ठरवला. एक हॉल घेतला. मला प्रमुख पाहुणी केलं. नाही म्हणायचं माझ्या ओठावर होतं, पण गोपाळ स्वतः न्यायला रोह्याला आला आणि मला वाटलं, बघू तरी.

व्यासपीठावर गोपाळच्या अंगावर शाल, हातात नारळ. बाजूला मी. अमोलने माईक घेतला, आणि तेव्हा मला कळलं की गोपाळने मंडळातल्या कुणालाही काहीही सांगितलेलं नाही. अमोल म्हणाला, "आपल्या दादांनी शब्द पाळला. आता पुढच्या महिन्यात ऑपरेशन. एक भाऊ आपल्या बहिणीला जीवन देणार." हे पुढच्या महिन्याचं त्याने उभ्या उभ्याच ठरवलं. सगळा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. काही बाया रडत होत्या.

गोपाळचा रंग उडाला होता. तो समोर बघत होता, नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून. अमोलने माईक माझ्या हातात दिला.

त्या क्षणी मी त्याला उभा चिरू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. इतके दिवस मनात घोळवून घोळवून ते वाक्य माझ्याकडे तयार होतं. मी माईक तोंडाशी नेला आणि म्हटलं, "गोपाळने खूप मेहनत घेतली. त्याला बसू द्या, तो दमलाय." आणि माईक परत दिला. दया आली म्हणून नाही. त्या पन्नास जणांपुढे माझा भाऊ उघडा करावा एवढी त्यांची लायकी नव्हती.

त्याने मला गाडीने रोह्याला आणलं. वडखळ गेलं, नागोठणं गेलं. कोलाडला महामार्गावर खाण्याच्या टपऱ्या लागल्या तिथे त्याने गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, आता हा उतरून काहीतरी हाणणार. तो उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"ताई," तो म्हणाला, "आता वजन नाही. आता मी काय सांगू?"

"कुणाला?"

"लोकांना. सगळ्यांनाच."

"लोक गेले खड्ड्यात. मला काय सांगणार आहेस ते बोल."

 मग तो म्हणाला, "मला भीती वाटते गं. मला फार भीती वाटते. टेबलावर झोपवतील आणि मी उठलोच नाही तर?"

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "हे दोन शब्द बोलायला तुला दोन वर्षं लागली? माझ्या हाताला दिवसाआड भोकं पडत होती आणि तू मडकी रिकामी करत होतास. भीती वाटते म्हणाला असतास तर मी तुझी पाठ थोपटली असती रे. मला काय भीती वाटत नाही? मशीनला लावलेल्या बाईला काय मजा वाटते? तू मला नाही म्हणायला हवं होतंस. सरळ, माझ्या तोंडावर. त्याऐवजी तू मला आशेवर ठेवलंस आणि स्वतः हार घालून घेतलेस." मी आणखीही बरंच बोलले. टपरीवरचा माणूस दोनदा बघून गेला. गोपाळने मान खाली घालून सगळं ऐकलं, एकदाही "असं कसं" म्हणाला नाही.

शेवटी मी म्हटलं, "नको देऊस. कुणी जबरदस्ती करत नाही. पण यापुढे माझ्याशी खोटं वागू नकोस. चल, गाडी काढ."

त्याने मला घरी सोडलं आणि चहा न घेता पेणला गेला. आठवडाभर त्याचा फोन नाही. मी म्हटलं, संपलं, हा आता तोंड दाखवायचा नाही.

पुढच्या आठवड्यात माझी नवी मुंबईला दाखवायची तारीख होती. मुलगी मला घेऊन गेली. व्हरांड्यात बाकावर गोपाळ बसलेला. एकटाच, पहाटेची गाडी पकडून आला होता. मी विचारलं, "तू इथे कसा?" तो म्हणाला, "उपाशीपोटी यायला सांगितलं होतं." कपाळावर घाम, आणि हात लावून बघितले तर बर्फ.

सकाळभर त्याच्या तपासण्या चालल्या. रक्त काढलं, फोटो काढले. मग एका डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्याला आत नेलं. दात्याला असं एकट्याला विचारतात, कुणी दबाव तर आणला नाही ना, हे बघायला. दार बंद झालं. मी बाहेर बसले आणि मला मनापासून वाटत होतं, म्हणू दे नाही. आत कुणी ताई नाही, कुणी अमोल नाही. तिथे तरी त्याने खरं बोलावं.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला आणि माझ्या शेजारी बसला.

"काय विचारलं?"

"भीती वाटते का म्हणाल्या."

"मग?"

"हो म्हटलं. खूप वाटते म्हटलं."

"मग?"

"मग म्हणाल्या, तरी द्यायची आहे का. हो म्हटलं."

एवढंच. टाळी वाजवायला व्हरांड्यात कुणी नव्हतं. मला त्याला काहीतरी टोचून बोलायचं होतं, सवयच लागली होती तशी. पांढऱ्या पडलेल्या ओठांनी तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. मी म्हटलं, "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. खाली कँटीन आहे, जा, काहीतरी खाऊन घे."

"नको ताई," तो म्हणाला. "अजून एक तपासणी राहिलीय."